लाकडी ठशांतील मृत्यू आणि आपल्या शोकसभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अभ्यासवर्गात चित्रकलेवर, आणि त्यातही मरणाच्या चित्रांवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काही साथींनी विचारल्याचे माझ्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे. महागाई, बेकारी, जमिनीचे तंटे हे विषय समोर असताना जर्मनीतल्या कुणी एका बाईने लाकडावर काय कोरले याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? त्याचे उत्तर देण्यासाठी मला एक जुनी आठवण सांगावी लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांनी शोकसभांतून भाषणे केली आहेत. मीही केली आहेत. ‘त्यांचे बलिदान व्यर्थ जाणार नाही’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. अशाच एका सभेत, लढ्यात गेलेल्या एका तरुण साथीच्या आईला आम्ही व्यासपीठावर आणून बसविले होते. माझ्या त्या वाक्याला टाळ्या पडल्या. सभा आटोपल्यावर ती माउली मला एवढेच म्हणाली, “भाऊ, बळी दिला म्हणता, तो कुणी दिला?” तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यावयाचे होते. मला उत्तर सुचले नाही, आणि मी गाडीची वेळ झाल्याचे निमित्त केले. पुढे पुष्कळ वर्षांनी केटे कोलविट्झ या चित्रकर्तीची काही चित्रे पाहण्यात आली, तेव्हा हाच प्रश्न एका बाईने स्वतःला विचारून त्यापायी आयुष्य झिजविले होते असे ध्यानात आले. म्हणून आजचा हा विषय.

आधी या कलेविषयी दोन शब्द. लाकडाच्या फळीवर चित्र काढावयाचे, आणि कागदावर जे पांढरे दिसावयाचे तेवढे चाकूने व कोरणीने खोदून टाकावयाचे. जे उरते त्याला शाई लागते व तेच छापून येते. म्हणजे येथे प्रकाश हा खोदून, झगडून मिळवावा लागतो. अंधार मात्र फळीत आधीपासून असतोच. शिवाय हा ठसा छापखान्यातील खिळ्यांच्याच उंचीचा करता येतो, त्यामुळे जुळाऱ्याने जुळविलेल्या मजकुराच्या शेजारी तो त्याच चौकटीत बसतो आणि एकाच दाबात दोन्ही छापले जातात. तैलचित्र सरदाराच्या दिवाणखान्यात गेले, पण लाकडी ठशाचे चित्र बाजारात, जत्रेत, चर्चच्या दारात चार पैशांना विकले गेले ते यामुळे. सामान्य माणसाच्या घरात शिरलेले हे युरोपातील पहिले चित्र होय.

आणि घरात शिरताना ते मरणाला बरोबर घेऊनच शिरले. १३४७ पासूनच्या प्लेगच्या साथीने तो खंड उद्ध्वस्त केला होता. पंधराव्या शतकात ‘चांगले मरण कसे मरावे’ हे शिकविणारी चित्रांची पुस्तके निघाली. त्यांत खाटेवर पडलेला माणूस, एका बाजूला त्याला भुलविणारी भुते आणि दुसऱ्या बाजूला धीर देणारे देवदूत. धर्मसत्तेला सोयीची अशीच ही शिकवण होती. तिच्यापाशी रेंगाळण्याचे कारण नाही.

खरे वळण मिळाले ते हान्स होल्बाइन याच्या मृत्युनृत्याच्या चित्रमालेत. बाझेल शहरात १५२३ ते १५२६ च्या दरम्यान त्याने ही चित्रे रेखाटली. आगपेटीहून थोडेसेच मोठे असे एकेक चित्र. त्यात मृत्यू हा सांगाडा होऊन येतो आणि पोप, सम्राट, राजा, न्यायाधीश, व्यापारी, फेरीवाला अशा एकेकाला उचलून नेतो. मृत्यूपुढे सगळे सारखे, ही कल्पना जुनीच. आपल्या कीर्तनांतूनही ती आपण ऐकत आलो आहोत. गरिबाला तिचे समाधान वाटते आणि श्रीमंताचे तिने काही बिघडत नाही! पण होल्बाइन तेवढ्यावर थांबत नाही. त्याचा मृत्यू प्रत्येकाला त्याच्या धंद्यातच गाठतो. न्यायाधीश श्रीमंताकडून लाच घेण्यासाठी हात पुढे करतो, त्या क्षणी. कृपण धनिकाच्या तर तो जिवाला हात न लावता टेबलावरचे पैसे उचलतो, आणि धनिक जीव जात असल्यासारखा ओरडतो. सरंजामदाराच्या चित्रात मृत्यूने शेतकऱ्याचा वेष घेतला आहे. मळणीचे दांडके जमिनीवर पडले आहे आणि सरदाराचेच कुलचिन्ह उचलून तो सरदारावर धावला आहे. जर्मनीत शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला तो १५२४-२५ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्रातला दाह कळतो. नांगरणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रात मात्र मृत्यू शत्रू नाही. हडकुळ्या घोड्यांना तो स्वतः हाकतो आहे, समोर सूर्य मावळतो आहे, आणि ते तास संपले की म्हाताऱ्याची सुटका आहे. ‘मृत्यू सर्वांना सारखा’ या वचनातली लबाडी होल्बाइनने अशी उघडी पाडली. मरण एकच असेल, पण ते येते ते ज्याच्या त्याच्या जगण्याच्या वाटेने.

या चित्रमालेच्या मागे आणखी एक मरण आहे, आणि कामगारांमध्ये वावरणाऱ्या आपल्या मंडळींना ते ठाऊक असावे. होल्बाइनने चित्रे रेखाटली. लाकडात ती कोरली हान्स ल्युट्सेलबुर्गर या कारागिराने. इतक्या लहान जागेत इतके बारीक काम त्याआधी क्वचितच कुणी केले असेल. १५२६ मध्ये तो वारला, काही ठसे अपुरेच राहिले. तयार ठसे फ्रान्समध्ये लिओं शहरी गेले आणि १५३८ साली ट्रेक्सेल बंधूंनी ४१ चित्रांचे पुस्तक छापले. गंमत अशी की, ही चित्रे घडविणारा आता मरण पावला आहे, अशी हळहळ पुस्तकाच्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. होल्बाइन तर १५४३ पर्यंत जिवंत होता. तेव्हा ही हळहळ त्या कोरणाऱ्या कारागिराविषयीची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. प्रस्तावनेत त्याचे नाव मात्र नाही.

लाकडी ठसा गरिबांच्या घरात जातो म्हणून तो गरिबांच्या बाजूचाच असणार, असा भोळा समज आपण करून घेऊ नये. १८४८ साली युरोपभर क्रांतीची लाट उसळली. ती ओसरत असतानाच, १८४९ मध्ये, आल्फ्रेड रेथेल या जर्मन चित्रकाराने सहा लाकडी ठशांची एक मालिका प्रसिद्ध केली. होल्बाइनचाच मृत्यू त्याने नव्या वेषात आणला. येथे मृत्यू हा क्रांतीचा प्रचारक आहे! न्यायदेवतेची तलवार आणि तराजू पळवून तो घोड्यावरून शहरात येतो. गुत्त्यापुढे जमलेल्या लोकांना तो तराजूत एका बाजूला राजमुकुट व दुसऱ्या बाजूला चिलीम घालून दोन्हींचे वजन सारखेच असल्याचे दाखवितो. फक्त तराजू कडीने न धरता काट्यालाच धरतो, ही त्याची हातचलाखी. लोक भुलतात, तो त्यांच्या हाती तलवार देतो, रस्त्यात अडथळे उभे राहतात, तोफा सुटतात. शेवटच्या चित्रात प्रेतांच्या मधून, डोक्यावर विजयाचा हार घालून, मृत्यू घोड्यावरून चालला आहे. ही मालिका स्वस्त प्रतींतून दूरवर पसरली.

रेथेलला प्रतिगामी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि तो प्रतिगामी होताच. त्या लोकांना रस्त्यावर का यावे लागले, त्यांच्या घरी काय शिजत होते, याची त्याला पर्वा नाही. सैन्याच्या तोफा कुणी डागल्या हेही तो विचारीत नाही. पण मित्रहो, खोट्या चित्रातही एक खरा टोचा असू शकतो. लोकांना मरणाच्या दारात नेऊन उभे करणारा वक्ता स्वतः कुठे असतो, हा टोचा मी जेव्हा जेव्हा ती चित्रे पाहतो तेव्हा तेव्हा मला लागतो. आपल्या बाजूच्या चित्रकारांनी त्याला उत्तर द्यावयास हवे होते. ते उत्तर यावयास सत्तर वर्षे लागली, आणि आले तेही अशा बाईकडून की जिने आधी स्वतः तीच चूक केली होती.

केटे कोलविट्झ यांचा जन्म १८६७ साली क्योनिग्सबर्ग येथे समाजवादी विचारांच्या घरात झाला. पती कार्ल हे बर्लिनच्या कामगारवस्तीत वैद्यकी करीत. दवाखान्यात येणाऱ्या बायका हाच केटेबाईंचा अभ्यासवर्ग होता. विणकरांच्या उठावावरील त्यांची चित्रमाला १८९८ साली प्रदर्शित झाली. परीक्षकांनी पदकाची शिफारस केली आणि कैसरने ती नामंजूर केली. पुढे शेतकऱ्यांच्या युद्धावरील मालिकेत त्यांनी एक धिप्पाड शेतकरीण रंगविली, जी दोन्ही हात वर फेकून जमावाला चढाईसाठी चेतविते आहे. लढ्याच्या उन्मादाचे इतके जबरदस्त चित्र क्वचितच पाहावयास मिळते. तो उन्माद त्यांचा स्वतःचाही होता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. युरोपातील सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्ष जर्मनीत होता, आणि त्याच्या प्रतिनिधींनी ४ ऑगस्ट रोजी युद्धाच्या कर्जाला एकमुखाने मत दिले. ही जखम आपल्या चळवळीला अजून ठुसठुसते. त्याच दिवसांत कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पीटर सैन्यात जावयास निघाला. वय अठरा. स्वेच्छेने भरती होण्यास वडिलांची संमती हवी होती आणि वडील ती द्यावयास तयार नव्हते. मुलाने आईकडे पाहिले, आणि आईने वडिलांचे मन वळविले. ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये तो मारला गेला. घर सोडल्याला तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

आपण कल्पना करा. जिने कामगारांच्या घरचे दुःख वीस वर्षे चितारले, तिने आपल्या पोराला आपल्या हाताने वाट करून दिली. त्यानंतरची चार वर्षे हा हिशेब त्यांच्या रोजनिशीत चालू आहे. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, पराभव समोर दिसत असताना, रिशार्ट डेमेल या कवीने पक्षाच्या ‘फोरव्हेर्ट्स’ या दैनिकात उरल्यासुरल्यांना स्वेच्छेने रणांगणावर जाण्याचे आवाहन केले. त्याच पत्रात महिनाअखेरीस कोलविट्झ यांचे उत्तर प्रसिद्ध झाले. मरावयाचे तेवढे पुरे झाले, आता आणखी एकही नको, असा त्यांचा सूर होता, आणि बियाणे खाऊन संपवू नये या आशयाच्या गटेच्या एका वचनाचा त्यांनी आधार घेतला होता. पक्षाच्या मुखपत्रातून एका आईने आपल्या पोराच्या मरणाचा अर्थ बदलून घेतला. आपणही पक्षाचे पत्र चालवितो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढे जानेवारी १९१९. सत्तेवर समाजवादी लोकशाही पक्ष, आणि त्याच सरकारने उठाव मोडण्यासाठी उभ्या केलेल्या सैनिकी टोळ्यांच्या अधिकाऱ्यांनी १५ तारखेला रोझा लक्झेम्बुर्ग व कार्ल लिब्कनेक्ट यांचे खून पाडले. डिसेंबर १९१४ मध्ये युद्धकर्जाविरुद्ध एकट्याने मत देणारा तो हाच लिब्कनेक्ट. अंत्यविधीच्या दिवशी, २५ जानेवारीला, कुटुंबीयांच्या विनंतीवरून कोलविट्झ शवागारात गेल्या व त्यांनी मृत चेहऱ्याची रेखाचित्रे केली. ते चित्र त्यांना कित्येक महिने साधेना. धातूच्या पत्र्यावर केले, दगडावर केले, मनास येईना. १९२० च्या उन्हाळ्यात एर्न्स्ट बारलाख याचे लाकडी ठसे त्यांनी पाहिले आणि पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने नवी विद्या शिकावयास घेतली. त्या लाकडी ठशात लिब्कनेक्टचे शव खाली आडवे आहे, अंगावर पांढरी चादर, आणि त्यावर कामगार वाकले आहेत. एकाचा राठ, मोठा हात मृताच्या छातीवर टेकला आहे. मागे एक बाई मूल घेऊन उभी आहे. खाली शब्द आहेत: जिवंतांकडून मृताला. फ्रायलिग्राथ याच्या १८४८ च्या एका प्रसिद्ध क्रांतिगीतात मेलेले जिवंतांना हाक घालतात. कोलविट्झ यांनी ते शीर्षक उलटे केले. येथे मृताला काही सांगावयाचे नाही, त्याच्या नावाने कुणी घोषणाही देत नाही. मुठी वळलेल्या नाहीत. माणसे निरोप घेत आहेत, इतकेच.

कोलविट्झ या लिब्कनेक्टच्या अनुयायी नव्हत्या, आणि त्यांना हे चित्र काढण्याचा अधिकार काय, असे त्या वेळी विचारले गेले. चित्रकर्ती या नात्याने कामगारांचा निरोप चितारण्याचा आपल्याला हक्क आहे, त्यासाठी लिब्कनेक्टच्या राजकारणामागे जावे लागत नाही, असे त्यांनी रोजनिशीत लिहिले. आणि लगेच पुढे, की नाही? असेही स्वतःला विचारले. हा संशय मला त्यांच्या ठाम विधानांपेक्षा मोलाचा वाटतो. मृत साथी कोणत्या गटाचा होता हे पाहून स्मशानात जावयाचे की नाही ते ठरविणारे पुढारी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

यानंतर आली ‘युद्ध’ ही सात लाकडी ठशांची मालिका. १९२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. युद्धावरची मालिका, पण तिच्यात रणांगण नाही, तोफ नाही, शत्रूही नाही. पहिले चित्र ‘बळी’. एक उघडी आई, डोळे मिटलेले, तान्हे बाळ दोन्ही हातांवर उचलून पुढे करते आहे. देते आहे की राखते आहे, हे हातांवरून नीटसे कळत नाही. दुसऱ्यात स्वेच्छेने निघालेले तरुण आहेत. त्यांच्या पुढे मृत्यू ढोल बडवीत चालला आहे. चेहऱ्यांवर धुंदी आणि वेदना एकमेकींत मिसळली आहे. मृत्यूच्या अगदी लगतचा तरुण पीटर आहे असे जाणकार मानतात. संपूर्ण मालिकेत मृत्यू एवढ्या एकाच चित्रात देह धरून येतो. होल्बाइनचा आणि रेथेलचा तो सांगाडा येथे शेवटचा ढोल वाजवितो आणि निघून जातो. उरलेल्या पाच चित्रांत फक्त मागे राहिलेले आहेत. एकमेकांत कोसळलेले आईबाप, ज्यांचे दोन देह मिळून एकच काळा ढीग झाला आहे. गरोदर विधवा. छातीवर लेकरू घेऊन मरून पडलेली दुसरी विधवा. एकमेकींना घट्ट धरून भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या आया. आणि शेवटी, कावऱ्याबावऱ्या चेहऱ्यांच्या लोकांमध्ये एक बाई, जिच्या वस्त्राच्या अंधारात मूल लपले आहे.

‘बळी कुणी दिला?’ या प्रश्नाला येथे सरळ उत्तर आहे. कैसरने मागितला, पक्षाने मान डोलावली, मुलगा धुंदीत निघाला, हे सारे खरे. पण पहिल्या चित्रातले हात आईचे आहेत, आणि ते तिने लपविलेले नाहीत. असा कबुलीजबाब आपल्या चळवळीत मला फारसा आढळला नाही.

यावरून त्या राजकारणाला विटल्या असे मात्र कुणी समजू नये. १९२५ मध्ये त्यांनी कामगारवर्गावर तीन ठसे केले: बेकारी, भूक, आणि बालमृत्यू. शेवटच्यात एका आईच्या हातांत लहानशी शवपेटी आहे. १९३२ मध्ये आणि पुन्हा १९३३ च्या फेब्रुवारीत, हिटलरला अडविण्यासाठी दोन्ही कामगार पक्षांनी एकत्र यावे या आवाहनावर त्यांनी सही केली. दोन्ही पक्षांनी ते ऐकले नाही. कोलविट्झ यांना अकादमी सोडावी लागली; १९४२ मध्ये नातू, त्याचेही नाव पीटर, रशियात मारला गेला; आणि युद्ध संपावयास थोडे दिवस असताना, २२ एप्रिल १९४५ रोजी, त्या वारल्या.

या ठशांचा प्रवास जर्मनीपाशी थांबला नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये शांघायमध्ये कुओमिन्तांग सरकारने पाच तरुण डाव्या लेखकांना इतरांबरोबर गोळ्या घातल्या. त्यांत रौ शी हा लू शुन यांचा जिवलग होता. मृत्युलेख छापण्याची सोय नव्हती. रौ शीची आई दोन्ही डोळ्यांनी आंधळी; मुलगा शांघायला भाषांतराचे, मुद्रितांचे काम करीत आहे अशा समजुतीत ती होती. लू शुन यांनी त्या वर्षी निघालेल्या एका नव्या मासिकाच्या पहिल्या अंकात कोलविट्झ यांचा ‘बळी’ छापला. मृताचे नाव नाही, घोषणा नाही, केवळ मूल पुढे करणारी आई. ज्यांना समजावयाचे त्यांना समजले. जिच्यासाठी छापले तिला ते दिसणार नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लू शुन यांनी तरुण चित्रकारांसाठी लाकडी ठशांचा सहा दिवसांचा वर्ग घेतला. शिकविणारे गृहस्थ जपानी, दुभाषाचे काम स्वतः लू शुन यांचे. चीनमधील आधुनिक लाकडी ठशांची चळवळ तेथून वाढली.

आपल्या देशातही या कुळातला एक चित्रकार होऊन गेला, आणि तो मुंबईत अंधेरीला वर्षानुवर्षे राहिला: चित्तप्रसाद भट्टाचार्य. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि त्यांनी शाईने चित्रे काढली. त्यांचे पुस्तक मुंबईत छापले गेले व इंग्रज सरकारने त्याच्या प्रती नष्ट केल्या. पुढे ते लिनोलियम कोरून ठसे करू लागले. लाकूड महाग आणि कठीण म्हणून लिनोलियम, पण कोरणी तीच. ते कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठी काम करीत, आणि बेचाळीसच्या आंदोलनात त्या पक्षाने घेतलेली भूमिका आपण विसरलेलो नाही. पण भुकेने मेलेल्याला पक्ष विचारण्यात अर्थ नसतो. चित्तप्रसाद यांच्या त्या चित्रांपैकी अनेकांच्या खाली त्या त्या माणसाचे नाव लिहिलेले आहे, गाव लिहिलेले आहे. ३० लाख हा आकडा सरकारी समित्यांच्याही कामाचा. नाव मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारण्यासाठी थांबावे लागते.

कोलविट्झ यांच्या सातही चित्रांच्या छापील प्रती मी बरोबर आणल्या आहेत. मागच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत, चहाच्या वेळात जरूर पाहा. हातात घेऊन पाहावयास हरकत नाही. सहाव्या चित्रात, त्या आयांच्या घोळक्यात, खाली एका बाहूच्या आडून एक पोर बाहेर डोकावते आहे. पहिल्या नजरेत ते दिसत नाही.

पुढल्या महिन्यात आपल्या तालुक्यात त्या तरुण साथीचा स्मृतिदिन आहे. फलकावर काय छापावयाचे, यासाठी मंडळींनी माझ्याकडे मजकूर मागितला आहे. तो मी अजून दिलेला नाही. त्याच्या आईला भेटावयास येत्या रविवारी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळच्या गाडीला यावे.